पाण्याची पाळी

सावईवेरे, फोंडा
१२ जानेवारी

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

एकत्र जमीन कसणाऱ्या तुमच्या गटाचा तू भरलेला फॉर्म आईच्या मोबाइलवर बघितला. चष्मा लावून, अक्षर मोठं करून, दोनदा. नाव, वय, रक्तगट, शाकाहारी की मांसाहारी (मासे कशात धरायचे ते विचारलेलं नाही, म्हणजे फॉर्म करणारा गोंयकार नसणार), आणि सगळ्यांत खाली ‘तुम्ही इतरांना कोणतं पारंपरिक कौशल्य शिकवू शकता?’ तिथं तू आडवी रेघ मारलीस.

त्या रेघेपायी हे पत्र. फोनवर आपलं बोलणं लगेच चढतं, मग आई मध्ये पडून ‘जेवलीस का’ विचारते आणि विषय तिथंच बुडतो.

आधी एक सांगून टाकतो. पुण्याची नोकरी सोडून सत्तरी तालुक्यात नऊ जणांबरोबर जमीन कसायला जाण्याला माझी ना नाही. पहिल्या दिवशी ओरडलो खरा. ३२ वर्षं कचेरीत काढलेला माणूस मी, एक तारखेचा पगार हेच माझं सुगीचं पीक. पण २०२० चा मार्च मीही बघितलाय. चोर्ला घाटातून बेळगावची भाजी यायची अडली आणि चार दिवसांत फोंड्याच्या बाजारात कांदा दिसेना. तेव्हा आईने केळफूल, कुयरी म्हणजे कोवळा फणस, आणि परसातली तांबडी भाजी यांवर घर चालवलं, आणि मी, कुळागरात, पोफळी-माडांच्या बागेत जन्मलेला, केळफूल सोलताना दर पाकळीआडच्या फुलांतला दांडा काढायचा असतो हे साठीत शिकलो. त्याच वर्षी ऑक्टोबरात सरकारने ‘स्वयंपूर्ण गोवा’ सुरू केलं. शब्द तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी बसलाय. आजोबांना मात्र हसू आलं असतं. आपल्या कुळागरात सुपारी, नारळ, केळी, मिरी, जायफळ सगळं होतं, तरी मीठ मिठागरातून यायचं, मडकी डिचोलीहून, आणि मासळीवाली दोन दिवस आली नाही तर घरात सुतक पडल्यासारखं व्हायचं.

आता रकान्याबद्दल.

चवथीच्या, गणेशचतुर्थीच्या, आदल्या दिवशी तू काकांबरोबर रानात जायचीस ते आठव. माटोळीला, गणपतीवर टांगायच्या रानफळा-पानांच्या चौकटीला, काय काय आणायचं ते कागदावर लिहिलेलं कधी नव्हतं. कांगणां, घागऱ्या, शेरवड, कवंडळ. सातवीत असताना शेरवडाची पांढरी पानं लांबून ओळखून तू काकांच्या आधी चढण चढली होतीस. कुंभ्याची साल कुठल्या फांदीची काढली तर दोर तुटत नाही, हेही तुला ठाऊक. नारळ कुठं, सुपारीचं शिपटं कुठं, जड मध्ये आणि हलकं कडेला, म्हणजे चौकट गणपतीच्या डोक्यावर तिरकी होत नाही. हे तू शिडीवर उभी राहून मला शिकवायचीस, ‘बाबा, तुम्ही नुसते धरून राहा’ म्हणून. वनस्पतिशास्त्राच्या पदवीवाल्याला जे पुस्तकात शोधावं लागेल ते तुझ्या नाकाला कळतं. त्याला तू रेघ मारलीस?

आणि घुमट, ते मातीच्या मडक्याचं वाद्य. चवथीच्या आरतीला शामेळ आणि कांसाळ्यांबरोबर तू बसायचीस तेव्हा वाड्यावरची एक-दोन म्हातारी माणसं कुरकुरली होती, मुलीने कशाला म्हणून. आजोबांनी काही न बोलता तुझा डावा हात धरला, मडक्याच्या लहान तोंडावर ठेवला आणि तळवा दाबला-सोडला की आवाज कसा भरतो ते दाखवलं. २०१९ मध्ये सरकारने घुमट हे राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. कुरकुरणाऱ्यांपैकी एकाने ती बातमी मलाच वाचून दाखवली! जुन्या घुमटाला घोरपडीचं कातडं होतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं घोरपडीला संरक्षण आहे, तेव्हा ते तिकडे न्यायचं नाही. बकऱ्याचं कातडं लावलेलं दुसरं आहे, ते देईन. पावसात ते सैल पडतं, चुलीजवळ धरून शेकवावं लागतं. तुमच्या सौरऊर्जेच्या घरात चूल असेल ना?

तर रकाना भरशील. पण फॉर्म वाचताना मला खटकलं ते वेगळंच. कोणाला काय येतं ते सगळं विचारलंय. कोण कुठल्या वेळी हजर राहणार, ते कुठेच नाही. त्यावरून एक जुनी गोष्ट सांगतो. आईला माहीत आहे, तुला कधी सांगितली नाही. लाज वाटते अजून.

१९७३ चा मार्च. मी चौदा वर्षांचा. आजोबांना ताप भरला म्हणून रात्रीचं शिंपण माझ्यावर आलं. व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, दरवर्षी पाऊस सरला की दगड, माती, पाला घालून बांध बांधायचे, तिथून पाटाने पाणी आपल्या कुळागरात आणि आपल्याकडून पुढं खालच्या मामांकडे. प्रत्येक पोफळीला आळं. आळ्याचं तोंड खोऱ्यानं उघडायचं, पाणी बुंध्याभोवती फिरून गढूळ फेस काठाला लागला की पोफळीच्या विरीचा (झावळीच्या बुडाच्या आवरणाचा) तुकडा आडवा घालून वर चिखलाचा गोळा दाबायचा, आणि पुढच्या आळ्याचं तोंड उघडायचं. कंदील पाटाच्या कडेला. पाय गार, पाठ घामानं ओली. मध्यरात्रीपर्यंत पाळी आपली. मग पाटावरची फळी काढली की पाणी मामांचं.

दहा-बारा आळी झाल्यावर मी पोफळीला टेकलो तो उजाडल्यावरच उठलो. पाण्यानं एका आळ्याची कड खाऊन ओहळ केला होता आणि रात्रभराचं पाणी सरळ व्हाळात गेलं होतं. खाली मामा रिकाम्या पाटाकडे बघत उभे. आजोबा तापातच उठले. मला वाटलं, आता मार. त्यांनी मला पुढं घातलं, मामांपुढं उभं केलं आणि म्हणाले, ‘येणारी पाळी तुमची. पुरी.’ पुढची पाळी चार दिवसांनी होती. ती आम्ही दिली. आठ दिवसांनी आपल्याकडे पाणी आलं तेव्हा केळीची पानं कडेनं करपली होती. मामांनी पाळी घेतली, एक शब्दही बोलले नाहीत. फक्त पुढं वर्षभर दिसलो की विचारायचे, ‘न्हीद जाली मरे?’ झोप झाली ना रे?

आमच्या गावात हुशार शिंपणारे पुष्कळ होते. भांडणं झाली, माणसं कोर्टात गेली, भाऊ भावाशी बोलेनासा झाला, ते सगळं पाळीवरून. शिंपता न येण्यावरून एकही नाही. तुम्ही दहा जण विणणार, रांधणार, मध गोळा करणार, सगळं झकास. पहाटे पाच वाजता पंप लावायला तिसऱ्या महिन्यात कोण उठणार, ते आत्ताच लिहून भिंतीवर लावा.

तुमच्या कार्यक्रमात ‘रविवारी बांबूकाम’ असं लिहिलंय. गेल्या वर्षी शहरातल्या अशाच एका वर्गाला मी गेलो होतो. शिकवणारा म्हातारा डिचोली महालातला, सुपं-टोपल्या विणण्यात हयात गेलेली. त्याला चहा, नारळ आणि शाल दिली. आम्ही वीस जणांनी प्रवेशाचे पैसे भरले होते ते कुठं गेले, देवाला ठाऊक. त्याच्या बोटांना सुरीच्या पातळ रेघा, आमच्या बोटांना चिकटपट्टी. आपण ज्याला छंद म्हणतो ते त्याचं पोट होतं, आणि त्या कामापायी गावानं त्याच्या घराण्याला कुठल्या टोकाला बसवलं तेही मी बघितलंय. शिकवायला कोणाला बोलावलंत तर दिवसाची मजुरी द्या, आधी ठरवून. माडावर चढणाऱ्या पाडेल्याचंही तेच. ‘आमच्यात सामील व्हा, आपण कौशल्यांची देवाणघेवाण करू’ असं त्याला म्हणू नकोस, तो उतरून निघून जाईल.

जमिनीचं थोडक्यात. एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सातबारा, स्वतः काढून बघ, कोणाच्या व्हॉट्सॲपवर आलेला नको. कुळाचा रकाना रिकामा आहे का, जमिनीत कोणाचं घर आहे का, असल्यास तो मुंडकार (मालकाच्या संमतीनं राहणारा, कायद्यानं हक्क असलेला) आहे का, हे विचार. भातशेतीची जमीन असेल तर २०२३ च्या कायद्यानं ती शेतकरी नसलेल्याला घेता येत नाही. तुमच्यापैकी ज्याला हे ‘नंतर बघू’ वाटतं त्याला माझा नंबर दे.

आई म्हणते, मे महिन्यात ती येऊन सोलं, म्हणजे आमसुलं, घालायला शिकवील. भिरंडं (कोकमाची फळं) तुम्ही जमवायची, आणि रसात बुडवून वाळवायचं काम पाच-सहा वेळा करावं लागतं, मधेच कंटाळलात तर ती परत येणार नाही. हे तिचे शब्द. माझ्याकडून आजोबांचं खोरं. दांडा नवीन घातलाय.

शनिवारी येणार असलीस तर शुक्रवारी रात्रीच ये. मामांच्या नातवाशी बोलून ठेवलंय, शनिवारची पाळी आपली, पहाटे साडेपाचला फळी घालायची. कंदील नको आता, बॅटरी आण. माझ्या गुडघ्यांना वाकवत नाही, मी काठावर खुर्ची टाकून बसेन.

तुझा
बाबा