आज्जीला मोठ्यानं वाचून दाखव

डर्बी,
9 नोव्हेंबर 2025

ती. आण्णा आणि सौ. आई यांस,

शि. सा. नमस्कार. आज्जीच्या पायावर डोकं. बाळ्याला आशीर्वाद, आणि हे पत्र त्यानंच वाचायचं. आज्जीच्या उजव्या कानाशी बसून, मोठ्यानं. व्हिडिओवर तिला काही ऐकू येत नाही. नुसती हसते, "जेवलीस का?" विचारते, आणि मी उत्तर द्यायच्या आत कोणीतरी फोन ओढून घेतं. म्हणून आज रविवार बघून कागद-पेन घेऊन बसले.

मी ठणठणीत आहे. सर्दी गेली. आवाज बसलेला वाटला तो रेंजमुळं.

हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागल्याचं शुक्रवारी फोनवर सांगितलंच, आणि आई, तू पेढे वाटल्याचं आत्याकडून कळलं. पण आधी का लागत नव्हती ते मी सांगितलं नव्हतं. ऑगस्टपासून तुम्ही विचारत होता आणि मी "प्रोसेस चालू आहे" म्हणत होते. प्रोसेस काही चालू नव्हती. मी मुलाखतीत नापास झाले होते.

परीक्षांचं तुम्हाला सगळं माहीत आहे. नॉर्थम्प्टनच्या त्या 10 स्टेशनांच्या (प्रत्येक ठिकाणी नर्सचं एक काम करून दाखवायचं) परीक्षेला 794 पौंड भरताना आण्णांनी एकदाही "एवढे?" म्हटलं नाही, हेही माझ्या लक्षात आहे. मला वाटलं होतं, पास झालं, रजिस्ट्रेशनचा पिन नंबर हातात आला, की दवाखाने दारात रांग लावतील. कसलं काय. 23 अर्ज केले. बहुतेक ठिकाणाहून ईमेल यायचा की यावेळी आपली निवड झाली नाही, काही ठिकाणाहून तोही नाही. शेवटी मी काम करते त्या केअर होममधली (म्हाताऱ्यांना सांभाळायचं घर) कोट्टयमची एक नर्स ताई माझा अर्ज बघून हसत सुटली. मी सगळीकडं एकच मजकूर चिकटवत होते: मी कष्टाळू आहे, प्रामाणिक आहे, मला सेवेची आवड आहे. तिनं सांगितलं, जाहिरातीखाली काय काय यायला पाहिजे त्याची यादी असते. वाचणारा ती यादी शेजारी ठेवून बसतो आणि प्रत्येक ओळीला तू काय पुरावा दिलास त्याचे गुण मांडतो. प्रामाणिक आहे असं लिहून गुण मिळत नाहीत. कधी, कुठं, काय केलंस ते लिहावं लागतं.

तसं लिहिलं आणि पहिला कॉल आला. समोर तिघं. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, आणि उत्तरं लिहून घेतात. आधी गणिताचा कागद. एक लिटर सलाईन 8 तासांत द्यायचं, तासाला किती मिली? 125. हे आम्ही मिरजेत नर्सिंग शिकताना झोपेत सांगायचो. मग विचारलं, "डॉक्टरांचं म्हणणं तुम्हाला पटलं नाही असं कधी झालंय का? तेव्हा तुम्ही काय केलंत?" मी ताठ बसून सांगितलं, "कधीच नाही. मी डॉक्टरांचं सगळं ऐकते." मला वाटलं, इथं तर पैकीच्या पैकी.

तिसऱ्या दिवशी फोन आला. इथं नापास झालेल्यालाही कुठं चुकलं ते सांगतात. ती बाई अगदी मऊ आवाजात म्हणाली, "जी नर्स डॉक्टरला कधीच अडवत नाही, तिच्या हाती पेशंट द्यायला आम्हाला भीती वाटते. सॉरी, डक."

आता हे डक काय ते सांगायला पाहिजे, कारण मी तुम्हाला फोनवर एकदा सांगितलं तेव्हा आण्णांना राग आला होता. डक म्हणजे बदक. या भागात सगळे एकमेकांना बदक म्हणतात. माणूस काळा-गोरा, लहान-मोठा, कोणीही असो. बसचा ड्रायव्हर तिकीट देताना "थँक्यू, डक". दुकानात सुट्टे परत देताना "हिअर यू आर, मी डक", म्हणजे माझं बदक. केअर होममधल्या 91 वर्षांच्या आजी मला म्हणतात, आणि मी त्यांना औषध पाजताना परवा माझ्याही तोंडून निघून गेलं. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, मी चालते तशी म्हणून चिडवतात. आरशात चालून बघितलं. मग कळलं की पुरुषसुद्धा पुरुषाला म्हणतो, चांगला सहा फुटी दाढीवाला दुसऱ्या दाढीवाल्याला. इथले जुने लोक सांगतात की हा शब्द पक्ष्यावरून आलेलाच नाही, जुन्या काळी मान देऊन हाक मारायचा शब्द होता, त्याचं बदक झालं. खरं-खोटं त्यांनाच माहीत. लंडनमध्ये असं म्हणत नाहीत, तिकडं म्हटलं तर लोक बघत राहतील. तर आण्णा, तो अपमान नाही. आज्जी नाही का मला "चिमणे" म्हणते, तसंच. फक्त इथं चिमणी जरा मोठी आहे आणि पाण्यात पोहते.

उलट डॉक्टरांना मात्र नावानं हाक मारायची. सर नाही, मॅडम नाही. आणि पेशंटजवळ गेलं की आधी आपलं नाव सांगायचं. केट ग्रेंजर म्हणून इथली एक डॉक्टर होती, तिला स्वतःला कॅन्सर झाला. ती ॲडमिट असताना तिच्या लक्षात आलं की येणारे-जाणारे तपासून जातात, पण आपण कोण ते सांगत नाहीत. तिनं 2013 मध्ये "हॅलो, माय नेम इज" अशी मोहीमच काढली. 2016 मध्ये ती गेली. अजून कितीतरी नर्सांच्या छातीवर त्या वाक्याचा बिल्ला असतो.

दुसऱ्या मुलाखतीला जाताना बस लंडन रोडवरनं गेली. तिथं फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा पुतळा आहे, हातात दिवा घेतलेला. तिचं घराणं याच जिल्ह्यातलं. मिरजेत दिवे हातात घेऊन शपथ घेतली तेव्हा माझ्या मेणबत्तीचं मेण आईच्या नव्या साडीवर सांडलं होतं, ते आठवलं आणि भीती जरा कमी झाली.

यावेळीही आधी ठरलेले प्रश्न. वॉर्डातल्या आजोबांचा स्कोअर 2 वरनं 7 झाला, काय कराल? (श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध, ताप, प्रत्येकाला गुण देऊन बेरीज करतात. जितके गुण जास्त तितका पेशंट वाईट. 7 म्हणजे कोणाची वाट बघायची नाही, तातडीची टीम बोलवायची.) ते बरोबर आलं. मग परत तोच प्रश्न. डॉक्टरांचं म्हणणं पटलं नाही असं कधी?

आई, मी त्यांना जे सांगितलं ते तुला कधी सांगितलं नव्हतं. सांगलीत नोकरीला होते तेव्हाची गोष्ट. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, बाळ्या गावभर वाचत सुटेल. रात्रीचे दोन वाजलेले. कवठ्याकडच्या एक मावशी, शुगरच्या पेशंट. पेपरवर इन्सुलिनचा डोस लिहिलेला, बॉलपेननं 6, आणि त्याला चिकटून युनिटचा इंग्रजी यू. त्या यूचं तोंड मिटलेलं. सरळ 60 दिसायचं, आणि दिवसाच्या सिस्टरनं रजिस्टरात 60 च उतरवलेलं. मी सिरिंज काढली, बाटली हातात घेतली आणि हात थांबला. मावशींची शुगर 190. त्याला 60? मी डॉक्टरांना घरी फोन लावला. ते ओरडले, "तू डॉक्टर आहेस का? सहा लिहिलंय, सहा! डोळे तपासून घे." फोन आपटला. सकाळी राउंडला सगळ्यांसमोर परत बोलले. रजिस्टरात चुकीचं उतरलं त्यावर नाही, रात्री दोनला उठवलं त्यावर. मी एसटीनं घरी आले आणि डोकं दुखतंय म्हणून झोपले. तू कपाळाला निलगिरीचं तेल लावलंस. डोकं दुखत नव्हतं.

हे सगळं मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं. मधली बाई लिहायची थांबली. तिनं एवढंच विचारलं, "मग त्या मावशींचं काय झालं?" मी म्हटलं, सहा युनिट दिले, सकाळी त्यांनी चहा मागितला, बिनसाखरेचा दिला तर तोंड वाकडं केलं. तिघंही हसले. इथं तो यू लिहूच देत नाहीत, युनिट हा शब्द पूर्ण लिहायचा असा नियम आहे. या एका अक्षरानं कितीतरी माणसं गेली असतील, म्हणून.

दोन दिवसांनी फोन आला. आण्णा, मोठ्यांपुढं तोंड वर करू नये असं तुम्ही शिकवलंत, त्यात तुमचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. फक्त इथं त्याचे गुण मिळाले नाहीत.

आता तुमच्या काळज्या. रात्रपाळीहून मी एकटी येत नाही, बसला आमच्याच घरातली दुसरी मुलगी असते. जेवणाचं म्हणशील तर नॉर्मंटन भागात आपल्यासारखी दुकानं आहेत, ज्वारीचं पीठ, शेंगदाणे, कढीपत्ता सगळं मिळतं. वजन कमी झालेलं नाही, कॅमेरा तसा आहे. आणि आई, "हात भुंडे का?" हे तू प्रत्येक फोनला विचारतेस. कोपराच्या खाली काही घालायचं नाही असा नियम आहे, जंतू अडकतात. लग्नाचं साधं वळं तेवढं चालतं. काचेची एक बांगडीसुद्धा नाही, घड्याळसुद्धा नाही, ते छातीशी उलटं टाचायचं.

आत्यानं म्हटल्याचं माझ्या कानावर आलं, की एवढं शिकून पोरगी म्हाताऱ्यांचं हगणं-मुतणं काढायला गेली. हो, वर्षभर तेच काढलं, आणि त्याच पगारावर खोलीचं भाडं दिलं. लाज कशाची? लाज वाटली तर एकाच गोष्टीची. आज्जी, तुझे पाय रात्री वळतात तेव्हा चेपायला मी तिथं नसते, आणि इथं परक्या म्हातारीचे चेपते.

बाळ्या, आता थांब. इथून पुढचं आज्जीसमोर वाचू नको. आण्णांना आणि आईला आत नेऊन वाच.

पगार वर्षाला 31,049 पौंड. टॅक्स आणि पेन्शन कापून महिन्याला साधारण 2,000 हातात येतील. रात्रीचे आणि शनिवारचे 30 टक्के जास्त, रविवारचे 60 टक्के जास्त, म्हणून मी रविवार मागून घेणार आहे. पोलीस रेकॉर्ड, रक्ताच्या तपासण्या, जुन्या मेट्रन मॅडमचं पत्र, हे सगळं झालं की जानेवारीत रुजू. व्हिसा हॉस्पिटलच्या नावावर निघेल. त्यावरचा आरोग्याचा कर वर्षाला 1,035 पौंड असतो, तो नर्सांना माफ आहे. फेब्रुवारीपासून महिन्याला 50,000 रुपये पाठवीन. बँकेच्या हप्त्याच्या आधी पतसंस्थेतल्या पाटल्या सोडवायच्या. दसऱ्याला व्हिडिओवर आई, तू सारखा पदर मनगटावर ओढत होतीस. मला दिसलं. मी काही बोलले नाही कारण आत्या शेजारी होती.

आण्णा, द्राक्षांच्या छाटणीनंतर पाऊस लागून राहिला आणि घड जिरले, हे मला बाळ्यानं सांगितलं. त्याला रागावू नका. तुम्ही मला "बाग चांगली आहे" सांगता. मी तुम्हाला "प्रोसेस चालू आहे" सांगत होते. मी सांगून टाकलं, आता तुम्हीही खरं सांगा, औषधांची उधारी किती झाली?

प्रियांकाला मिरजेचा एजंट मुलाखत लावून देतो म्हणून 6 लाख मागतोय, तर काकांना म्हणावं एक रुपया देऊ नका. नोकरी लावून द्यायचे पैसे उमेदवाराकडून घ्यायचे नाहीत असा इथला नियमच आहे. परीक्षांच्या फिया आपल्या, बाकी मागितलं की माणूस खोटा समजायचा. तिला मला फोन करायला सांगा, अर्ज मी भरून घेईन.

राहिलं विट्याचं स्थळ. गलाईवाले (सोनं-चांदी गाळणारे) आहेत, घर चांगलं आहे, मुलगा कोइमतूरचं दुकान बघतो, सगळं वाचलं. फोटोही बघितला, दोनदा. पण त्यांनी विचारलंय की लग्नानंतर मुलगी नोकरी सोडेल ना. नाही सोडणार, आण्णा. तुम्हाला तोंडावर नाही म्हणवत नाही म्हणून सांगून टाका की कर्ज फिटेपर्यंत थांबायचं म्हणते. आणि दुसरं कोणी आहे का असं आईनं विचारलं, तर कोणी नाही. असतं तर सांगितलं असतं. बहुतेक.

यात्रेला येणं होणार नाही, नवीन नोकरीत लगेच मोठी रजा मागता येत नाही. पुढच्या दिवाळीला नक्की. मागच्या वर्षीही असंच म्हटलं होतं, माहीत आहे.

बाळ्या, आता परत आज्जीजवळ जा आणि मोठ्यानं वाच.

आज्जी, हो, जेवले. भाकरी केली होती. थापताना मोडली, तरी खाल्ली. पिठलं होतं.

तुमची,
शीतल