तंबाखू, मिश्री आणि रक्तदाब : आई-बाबांना पत्र

सातारा

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांची रक्तदाबाची गोळी वाढवावी लागली, हे कळल्यापासून तुम्हा दोघांना सविस्तर लिहायचे मनात होते. आपल्या घरात विडी-सिगारेट कोणी ओढत नाही, म्हणून तंबाखूचा या दुखण्याशी संबंध नसावा, असे तुम्ही धरून चालला आहात. परंतु तंबाखूतल्या निकोटीन या द्रव्याला रक्तदाब वाढवायला धूर लागत नाही. बाबा तळहातावर तंबाखूला चुना लावून मळतात, तेव्हा चुन्यामुळे निकोटीन मोकळे होऊन गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून अधिक वेगाने रक्तात उतरते. आई, तू हिरड्यांना लावतेस ती मिश्रीसुद्धा भाजलेली तंबाखूच आहे. तासगावात घरोघरी बायका ती लावतात, त्यामुळे तिला व्यसन म्हणायला कोणी धजत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

रक्तात गेलेले निकोटीन मज्जातंतूंना आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना चेतवते. त्यांतून अ‍ॅड्रिनलिन व नॉरअ‍ॅड्रिनलिन ही संप्रेरके (हार्मोन) सुटतात, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब चढतो. रक्तातले निकोटीन निम्म्यावर यायला साधारण २ तास लागतात, आणि बाबांचा पुढचा बार त्याच्या आतच भरला जातो. म्हणजे गोळी दाब उतरवू पाहते तेव्हा तंबाखू तो दिवसभर वर रेटत असते.

याहून खोलवरचे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. शरीरात सतत तयार होणाऱ्या सुपरऑक्साइडसारख्या घातक कणांना निष्प्रभ करण्यासाठी पेशींजवळ सुपरऑक्साइड डिसम्यूटेज व कॅटलेज ही विकरे (एन्झाइम) आणि ग्लुटाथायोन हे द्रव्य असते. निकोटीनमुळे असे कण वाढतात आणि ही संरक्षक द्रव्ये खर्ची पडतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. रक्तवाहिनीला सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड वायू, ज्याच्या शोधकार्याला १९९८ चे नोबेल मिळाले, तो या सुपरऑक्साइडशी संयोग पावून नाहीसा होतो. त्यामुळे आधीच आकसलेल्या वाहिनीला पुन्हा सैल होणे अधिकच अवघड जाते.

बाबा, तुम्ही रोज आवळा आणि घरची द्राक्षे खाता हे उत्तमच आहे, ते सोडू नका; पण त्याने तंबाखूची भरपाई होईल, ही समजूत खरी नाही. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या, म्हणजे वर सांगितलेल्या घातक कणांना निष्प्रभ करणाऱ्या द्रव्याच्या, गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढलेला आढळला. म्हणून दुकानातल्या अशा गोळ्या मनाने आणू नका.

माझी कळकळीची विनंती अशी, की तुम्ही दोघांनी एकाच दिवशी हे थांबवावे, कारण एकाची डबी घरात राहिली तर दुसऱ्याचा निश्चय टिकणार नाही. सुरुवातीला चिडचिड होईल, झोप नीट लागणार नाही, पण ते हळूहळू ओसरते. पुडीवर छापलेल्या १८००-११-२३५६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. रक्तदाबाची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नका, आणि तंबाखू सुटेपर्यंत दाब मोजण्याआधी अर्धा तास तरी ती तोंडात नसावी, नाहीतर आकडा फसवा येतो. रोजचे आकडे वहीत लिहून ठेवा. पुढच्या तपासणीला मी सोबत येईन तेव्हा ते डॉक्टरांना दाखवू.

तुमची लेक