खंदकातल्या बेटावर पायी फिरू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावचा भुईकोट किल्ला पाहायचा तर तो पायीच पाहायला हवा, आणि आज तो पायी पाहू इच्छिणाऱ्याची म्हणावी तशी सोय होत नाही. ही गोष्ट आपल्या पत्राद्वारे नगरवासीयांच्या व संबंधित खात्यांच्या नजरेस आणून द्यावी, एवढ्यासाठीच हे लिहीत आहे.

हा किल्ला कोणा बेळगावकराला अपरिचित आहे असे नाही. मध्यवर्ती बसस्थानकाकडून निघालेला माणूस रमतगमत चालला तरी थोड्याच वेळात किल्ला तलावापाशी येतो, आणि तेथे उभारलेला ११० मीटर उंचीचा ध्वजस्तंभ तर लांबूनच दिसतो. संध्याकाळी तलावाच्या काठाला गर्दी असते, ध्वजाखाली छायाचित्रे काढली जातात, कणसे आणि भेळ खाल्ली जाते आणि मंडळी घरी परततात. समोरच असलेल्या दरवाजातून आत जाणारे त्यांत फार थोडे. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की आपण त्यांना कुंदा देतो, आंबोलीला नाहीतर गोकाकच्या धबधब्याला नेतो. सुटीत स्वतः मालवण गाठतो, होडीत बसून कुरटे बेटावरच्या सिंधुदुर्गात उतरतो आणि भर उन्हात तटावरून हौसेने हिंडतो. आपल्या गावातही चहूबाजूंनी खंदक असलेले असेच एक बेट आहे, आत वस्ती आहे, देवळे आहेत, मशीद आहे, आश्रम आहे, कचेऱ्या आहेत, आणि तेथे जायला होडीही लागत नाही. तरी आपल्यापैकी अनेकांचे किल्ल्यात जाणे होते ते कचेरीतल्या कामापुरतेच, आणि तेही दुचाकीवरून.

दुचाकीवरून जाणाऱ्याला किल्ला दिसतच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. दरवाजाशी असलेल्या गणपतीला आणि दुर्गादेवीला बसल्या जागेवरून हात जोडले की गाडी आत शिरते आणि एक-दोन वळणे घेऊन कामाच्या ठिकाणी थांबते. चालणाऱ्याला मात्र खंदकाची रुंदी आधी जाणवते, मग तटाची जाडी, आणि आत गेल्यावर बाहेरच्या रस्त्याचा गोंगाट कसा हळूहळू मागे पडत जातो तेही कळते. मोठाल्या झाडांच्या सावलीतले आतले रस्ते पाहून आपण त्याच शहरात आहोत का, असा प्रश्न पडावा.

कमल बस्तीचेच पाहा. रट्ट घराण्यातील राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४ साली हे जैन मंदिर बांधले, आणि किल्ल्याच्या मूळ उभारणीचे श्रेयही त्यालाच दिले जाते. रट्टांनी सौंदत्तीहून राजधानी हलवून वेणुग्रामाला, म्हणजे आपल्या बेळगावला, आणली तो हा काळ. मुखमंडपात शिरताना बहुतेकांचे लक्ष समोर गाभाऱ्याकडे, नेमिनाथांच्या काळ्या पाषाणातील मूर्तीकडे असते. परंतु चार पावले टाकून थांबावे आणि मान वर करावी. छताच्या मधोमध दगडाचे कमळ खाली झुकलेले आहे, त्याला ७२ पाकळ्या आहेत, आणि त्या पाकळ्यांवर भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तिन्ही काळांतील चोवीस-चोवीस तीर्थंकर कोरलेले आहेत. भोवतीचे गोल खांब इतके गुळगुळीत घोटलेले आहेत, की दारातून येणारा उजेड त्यांवर उभ्या रेघेसारखा चमकतो, आणि आपण बाजूला सरकलो की ती रेघही सरकते. हे पाहायला घाई चालत नाही. शेजारच्या चिक्की बस्तीची पडझड झालेली आहे, तरी तिच्या दर्शनी भागावर नर्तक-वादकांच्या ओळी अजून दिसतात. ही जिनालये कोणी व कशी उभारली आणि त्यांना कोणती दाने मिळाली हे सांगणारे दोन शिलालेख बेळगावातून केव्हाच गेले असून ते आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ते परत आणण्याची चर्चा करणारे करोत. पण त्यांत काय लिहिले आहे, एवढे तरी बस्तीच्या अंगणात एका फलकावर मराठी, कन्नड आणि इंग्रजीत वाचायला मिळावे, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

बस्तीपासून पुढे चालत गेले की विजापूरच्या आदिलशाहीतील सरदार असदखान याने सोळाव्या शतकात बांधलेली सफा मशीद लागते. जवळजवळ असलेल्या या दोन वास्तूंच्या मध्ये तीनशे वर्षांहून अधिक काळ आहे, आणि त्या काळात हा किल्ला रट्टांकडून देवगिरीच्या यादवांकडे, पुढे विजयनगराकडे आणि बहमनींकडे गेला. १४७२ च्या सुमारास बहमनी वजीर महमूद गवान याने त्याला वेढा घातला, तेव्हा तटाखाली दारूचे सुरुंग लावून भिंत पाडण्यात आली, आणि दख्खनमध्ये अशा सुरुंगांचा वापर पहिल्या-पहिल्यानेच झाला तो येथे, असे इतिहासकार सांगतात. पेशवाईच्या अखेरीस, १८१८ मध्ये, जनरल मन्रोच्या फौजेपुढे किल्ला सुमारे तीन आठवडे टिकून राहिला आणि १० एप्रिलला इंग्रजांच्या हाती पडला. ही सगळी माहिती घरबसल्याही मिळते, हे खरे; पण खंदकाच्या काठाने चालताना तोफा कोणत्या बाजूने डागल्या असतील, सुरुंग कोठे खणला असेल, याचा विचार आपोआप मनात येतो, आणि मुलांना तर इतिहासाच्या पुस्तकापेक्षा हेच अधिक लक्षात राहते.

ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावला आले, तेव्हा ते आधी रिसालदार गल्लीत वकील सदाशिवराव भाटे यांच्याकडे आणि नंतर किल्ल्यात वनाधिकारी हरिपद मित्र यांच्या घरी राहिले होते. ते घर जपले गेले आहे, ही समाधानाची बाब होय. रिसालदार गल्लीपासून त्या घरापर्यंत चालत जाण्याचा एक सुंदर मार्ग आखता येईल. तो अद्याप कोणी आखलेला नाही, याचे नवल वाटते.

आता अडचणींविषयी. किल्ल्याचा काही भाग लष्कराकडे, काही वेगवेगळ्या खात्यांकडे आणि काही खासगी वापरात असल्यामुळे कोठवर जाता येते व कोठे जाता येत नाही, हे नवख्याला समजत नाही. माझ्यासोबत आलेल्या वृद्ध आप्तांना एका वळणावर पहारेकऱ्याने मागे फिरवले. त्या माणसाचा दोष नव्हता, तो आपले काम करत होता, पण तेथे एक साधी पाटी असती तर दोघांचाही अवघडलेपणा टळला असता. आतल्या रस्त्यांना पदपथ नाहीत. समोरासमोर दोन गाड्या आल्या की पायी चालणाऱ्याला कडेच्या गवतात उतरावे लागते, आणि पावसाळ्यात त्या गवताखाली काय असेल याचा नेम नसतो. खंदकात झाडोरा माजला आहे, आणि त्यात प्लास्टिकच्या पिशव्या टाकणारे आपणच आहोत, बाहेरून कोणी येऊन टाकत नाही.

यावर उपाय म्हणून रोषणाई, कारंजी किंवा 'सेल्फी पॉइंट' उभारू नयेत, अशी कळकळीची विनंती आहे. ध्वजस्तंभापाशी ती हौस पुरेशी भागते. किल्ल्याला हवे आहे ते कमी खर्चाचे: दरवाजापाशी आतील वास्तूंचा व खुल्या वाटांचा एक ठळक नकाशा, रस्त्याच्या एका कडेला चालण्यापुरती सपाट वाट, झाडांखाली चार-दोन दगडी बाक आणि खंदकाची दरवर्षी पावसाळ्यापूर्वी सफाई. फलकांवर मराठी असावी हे मुद्दाम लिहावे लागते, याचे कारण सीमाभागातील वाचकांना सांगण्याची गरज नाही. याखेरीज रविवारी सकाळी सहा ते नऊ या वेळेत, रहिवासी, भाविक आणि लष्कराची वाहने वगळता, इतरांच्या गाड्या तलावापाशीच थांबवाव्यात. त्या दिवशी कचेऱ्या बंदच असतात, त्यामुळे कोणाचे काम अडणार नाही. शहरातील शाळांनी सहलीचा एक दिवस लांबच्या ठिकाणाऐवजी किल्ल्याला दिला, तर बसभाड्याचे पैसेही वाचतील.

या सूचनांपैकी नकाशाच्या फलकाला कोणाचीही जमीन संपादन करावी लागणार नाही, की मोठ्या निधीची वाट पाहावी लागणार नाही. संबंधित खात्यांनी एकत्र बसून खुल्या वाटा तेवढ्या निश्चित कराव्यात आणि येत्या दिवाळीच्या सुटीपूर्वी तो फलक दरवाजापाशी लावावा.

आपला नम्र,
एक नियमित वाचक,
शहापूर, बेळगाव