साखर कारखान्यांचे बॉयलर पेटण्याआधी डोळ्यांचा विचार करा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, कर्नाटक राज्य, यांस
स. न.

बेळगाव जिल्ह्यात डोळ्यांचे सरकारी काम म्हटले की मोतीबिंदूची शिबिरे डोळ्यांसमोर येतात. ती हवीतच. पण मोतीबिंदूचा माणूस पुढच्या शिबिरापर्यंत थांबू शकतो, बुबुळावर ओरखडा पडलेला माणूस थांबू शकत नाही.

निपाणी, चिकोडी, अथणीच्या ऊसपट्ट्यात तोड सुरू झाली की असे डोळे येऊ लागतात. उसाच्या पानाच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते असतात. पान डोळ्याला चाटून गेले की ओरखडा पडतो आणि पानावरची बुरशी त्यातून आत शिरते. खानापूरकडे मळणीत भाताच्या कुसळानेही हेच होते.

पहिल्या दिवशी नुसते खुपते. माणूस औषध दुकानातून ‘लाल डोळ्याचे थेंब’ आणतो. त्यात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असले तर लाली उतरते, ठणका कमी होतो. बुरशी मात्र आत वाढत राहते. मग बुबुळावर करडा, कोरडा डाग दिसतो, कडा पिसासारख्या विस्कटलेल्या. तो भरला तरी फूल, म्हणजे कायमचा पांढरा डाग, राहते. हे औषध चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने बंदी आहे. औषध नियंत्रण खाते आपल्याच हाताखाली आहे; हंगामात दुकाने तपासायला सांगा.

प्रत्येक उपकेंद्रात फ्लुरोसीन या रंगाच्या कागदी पट्ट्या आणि निळ्या प्रकाशाची बॅटरी ठेवा. पट्टी सलाइनच्या थेंबाने ओली करून खालच्या पापणीच्या आत टेकवायची. ओरखडा असेल तिथे हिरवे चमकते. बाटलीतले फ्लुरोसीन नको, त्यात जंतू वाढतात. नुसता ताजा ओरखडा असेल तर 1 टक्का क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक मलम, दिवसातून तीनदा, तीन दिवस. नेपाळमधील भक्तपूरच्या अभ्यासात 18 तासांच्या आत हे मलम मिळालेल्या कुणालाही व्रण, म्हणजे बुबुळावर चिघळलेली जखम, झाला नाही. तरी मलमावर विसंबून चालणार नाही: रोज डोळा पाहायचा आणि पांढरा ठिपका दिसला की त्याच दिवशी तालुक्याला पाठवायचे. डोळ्यावर पट्टी बांधायची नाही. दूध, मध, एरंडेल घालायचे नाही.

तालुका रुग्णालयात नेत्रतज्ज्ञाने व्रण खरवडून काचपट्टीवर 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये पाहिला तर बुरशीचे धागे तिथल्या तिथे दिसतात. यंत्र साधे सूक्ष्मदर्शक. त्यानंतर 5 टक्के नॅटामायसिन हे बुरशीवरचे औषध, जागेपणी दर तासाला एक थेंब. गाडी अडते ती इथेच. 5 मिलीची बाटली आठवडाभरही पुरत नाही आणि उपचार तीन-तीन आठवडे चालतो. एक बाटली देऊन रुग्णाला घरी धाडले की पुढचे थेंब बंद पडतात. बाटली हलवून घ्यावी लागते, औषध तळाशी बसते, हेही कुणी सांगत नाही.

म्हणून बाटल्या रुग्णामागे किमान चार धरून मागवाव्यात. वापराची चिठ्ठी कन्नडबरोबर मराठीतही छापावी. ऊसतोड टोळ्यांत महाराष्ट्रातून आलेली माणसे पुष्कळ असतात. हा सगळा साठा दसऱ्याच्या आत उपकेंद्रांवर आणि तालुका रुग्णालयांत पोचला पाहिजे.

आपले विश्वासू,
बेळगाव सीमाभागातील नेत्र आरोग्य कर्मचारी