सॉफ्टवेअरवर पैसे घालवण्याआधी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी नंदनवनात राहणारी निवृत्त शिक्षिका. गेली तीन वर्षं आमच्या गल्लीतल्या एका अंध मुलासाठी बी.ए.ची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. हल्ली असं काही करणारे पुष्कळ भेटतात. कोणी आजीच्या ओव्या साठवून ठेवतं, कोणी मंडळाची भजनं. सगळे पहिल्यांदा हेच विचारतात, सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं? त्याचं उत्तर मिळेपर्यंत माझे पैसे गेले आणि त्या मुलाचे ऐन परीक्षेतले दिवस गेले, म्हणून हे पत्र.

सीताबर्डीवरच्या एका दुकानात मी चौकशी केली, तर साडेसहा हजार रुपयांचं, वर्षभराच्या मुदतीचं पॅकेज त्यांनी माझ्या गळ्यात मारलं. मला एका आवाजात एक धडा वाचायचा होता. त्यात वीस वाद्यं एकत्र करायची सोय होती. कसंबसं जमवलं. वर्ष संपलं आणि एका सकाळी ते उघडेचना, आधी पैसे भरा म्हणे. माझे अकरा धडे त्याच्याच खास स्वरूपात साठवलेले, दुसऱ्या कशातही उघडत नव्हते. परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली. ते अकराही धडे मी पुन्हा वाचले. घसा बसला त्याचं काही नाही, पण त्या मुलाला दहा दिवस वाट पाहावी लागली, हे मला अजून लागून आहे.

वाट शेवटी त्यानंच दाखवली. 'ऑडॅसिटी' नावाचं आवाज रेकॉर्ड करायचं आणि कापायजोडायचं सॉफ्टवेअर आहे, पूर्ण मोफत. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ साली त्याचं काम सुरू झालं आणि २००० साली ते सर्वांसाठी खुलं झालं. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर चालतं. हा मुलगा पडद्यावरचं वाचून दाखवणारं 'एनव्हीडीए' वापरतो, तेही मोफतच. माउसला हात न लावता तो ऑडॅसिटी चालवतो. माझ्या शेजारी बसून म्हणाला, "काकू, आर दाबा अन् वाचा. थांबायचं तर स्पेस. चुकीचं कापलं गेलं तर कंट्रोल झेड." एवढ्यावर मी पहिला धडा केला.

वाचताना चूक झाली की मी रेकॉर्डिंग थांबवत नाही. एक टाळी वाजवते आणि ते वाक्य पुन्हा वाचते. नंतर आवाजाच्या आलेखात ती टाळी उंच काठीसारखी दिसते, तिच्या आधीचं चुकलेलं वाक्य निवडायचं आणि पुसायचं. सुरुवातीला पाच सेकंद गप्प बसते. त्या शांततेत पंख्याचा सूं आवाज तेवढा येतो, तो नमुना म्हणून दिला की ऑडॅसिटी तसाच आवाज सगळ्या धड्यातून कमी करतं. मात्र हे बेतानं करावं, जास्त झालं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. आणि आपल्याकडच्या मे महिन्यातल्या कूलरपुढे हा उपाय टिकत नाही. मी पहाटे पाचला, कूलर बंद करून, खिडकीवर गोधडी टांगून वाचते. माइक तोंडापासून एक वीत अंतरावर. पैसे खर्च करायचेच तर या माइकवर करावेत.

मूळ प्रत 'वेव्ह' स्वरूपात ठेवावी, ती कुठेही उघडते. साध्या एकेरी आवाजाच्या तासाभराला साधारण ३०० एमबी लागतात. तोच तास एमपी३ या आटोपशीर स्वरूपात, ६४ केबीपीएसवर (सेकंदाला किती माहिती साठवायची त्याचं हे माप), २९ एमबीच्या आसपास बसतो. मुलाला मी तीच फाइल देते. फोनवर रेकॉर्ड केलेली एम४ए फाइल विंडोजवर ऑडॅसिटीत उघडायला 'एफएफएमपेग' हे जोड-सॉफ्टवेअर वेगळं टाकावं लागतं. माझे दोन दिवस त्यात गेले. डाउनलोड फक्त ऑडॅसिटीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून करावं, इतर ठिकाणी सोबत नको ते येण्याची भीती असते. अ‍ॅपलचा संगणक असेल तर 'गॅरेजबँड' हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअरही मोफतच मिळतं. गाण्याचं मोठं काम असेल त्यांनी 'रीपर' हे सॉफ्टवेअर ६० दिवस वापरून बघावं, मग विकत घ्यावं.

एकदा मी हौसेनं धड्याच्या सुरुवातीला तानपुरा घातला होता. मुलगा म्हणाला, "काकू, हे कायले टाकलं? मले अभ्यास करायचा आहे." तेव्हापासून धडा सुरू होताना पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक, एवढंच. पान उलटल्याचा आवाज मात्र त्यानं आवर्जून ठेवायला सांगितला आहे. किती पानं झाली ते त्याला त्यावरून कळतं.

स्वयंसेवकांकडून अशी पुस्तकं वाचून घेणाऱ्या संस्थांना माझी कळकळीची विनंती आहे, फाइल कोणत्या स्वरूपात हवी ते पहिल्याच दिवशी लिहून द्या. आपल्या शहरातल्या ग्रंथालयांनी आणि महाविद्यालयांनी निदान एका संगणकावर ऑडॅसिटी टाकून शेजारी एक माइक ठेवावा. वाचून द्यायला तयार असलेली माझ्या ओळखीतली चार माणसं घरी संगणक नाही म्हणून थांबली आहेत.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका,
नंदनवन, नागपूर