ईराच्या प्रश्नाचं उत्तर

प्रिय मंजू,

तुझं पत्र मिळालं. पाचवा लागला, उलट्या थांबल्या, वाचून बरं वाटलं. ईराने विचारलं, ‘बाळ पोटात गेलं कुठून?’ आणि सासूबाईंनी ‘देवबाप्पाने ठेवलं’ म्हणून विषय मिटवला. त्यांच्यावर चिडू नकोस, त्यांनाही कधी कुणी सांगितलं नव्हतं. पण ईराला उत्तर तू दे, आणि बाळ यायच्या आत दे.

पाच वर्षांच्या पोरीला फार लागत नाही. जेवण जातं त्या पोटात बाळ नसतं, त्याच्या खाली गर्भाशय नावाची पिशवी असते, तिथे ते वाढतं, हे आधी सांग. नाहीतर आई जेवली की बाळाच्या अंगावर आमटी सांडते असं मुलांना वाटत राहतं. आईच्या शरीरातलं एक बीज आणि बाबांच्या शरीरातलं एक बीज मिळून बाळ होतं. येतं ते योनीतून, नाहीतर डॉक्टर पोटावर छेद देऊन काढतात. बस. पुढचं तिने विचारलं तर सांग.

अंघोळ घालताना हात, पाय, मान म्हणतेस तसंच योनीही म्हण. ते ‘शेम शेम’ मात्र आजपासून बंद. ते ऐकत वाढलेलं मूल, तिथे कुणी हात लावला तर आपलंच चुकलं समजून गप्प बसतं. मला याची फार धास्ती वाटते गं. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाची १३ राज्यांतली पाहणी २००७ साली आली. निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या लैंगिक त्रासाबद्दल सांगितलं, त्यात मुलगेही मुलींइतकेच होते. बहुतेकांनी तोवर कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता. त्याच वर्षी आपल्या राज्यात शाळांतल्या लैंगिक शिक्षणाला विरोध होऊन ते थांबलं. शाळेवर विसंबू नकोस.

दिवाळीत कुणी काका-मामा ‘पापी दे’ म्हणाले आणि ईरा मागे सरली, तर तिला पुढे ढकलू नकोस. ‘ती नमस्कार करेल’ म्हण. रुसले तर रुसू देत. ‘आईला सांगू नकोस’ असं कुणी म्हटलं तर तेच आधी आईला येऊन सांगायचं, हे तिच्या मनात पक्कं कर. आणि सांगायला आली की रागावू नकोस. कप फुटल्याचं सांगितल्यावर मार बसत असेल, तर मोठं काही सांगायला ती येईल का?

भावजींनाही यात घे. चिन्मयला आम्ही दोघांनी मिळून पाळीबद्दल सांगितलं, तेव्हा तो आठ वर्षांचा होता. आता माझं पोट दुखत असलं की गरम पाण्याची पिशवी तोच भरून आणतो.

ईराने पुढे काय विचारलं ते कळव.

तुझी,
शुभा