साखरपुड्यानंतर ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साखरपुड्याच्या वाढत्या खर्चाबद्दल बोलताना सगळे पैशाचाच हिशेब मांडतात. मला त्याहून मोठं नुकसान दिसतं, म्हणून हे पत्र.

मी नौपाड्यात राहते, पौरोहित्य करते. वाङ्निश्चयाचा, म्हणजे साखरपुड्याचा मूळ विधी तासाभरात आटोपतो. गणपतीपूजन, वरुणपूजन झालं की दोघांचे वडील समोरासमोर बसतात, गोत्र आणि तीन पिढ्यांची नावं उच्चारून चारचौघांदेखत शब्द देतात. सुपाऱ्या-हळकुंडं गाठीत बांधली जातात. मुलाकडच्या सवाष्णी मुलीला साडी देतात, ओटी भरतात, हातात साखरेचा पुडा ठेवतात. अंगठी आपल्या मूळ विधीत नाहीच. ती रोमन लोकांची रीत, आणि त्यांच्याकडेही पूर्वी ती साधी लोखंडाची असे.

हा शब्द मोलाचा आहे, पण ते लग्न नव्हे. मनुस्मृती विवाहाची पूर्तता सातव्या पावलावर मानते. स्मृतिकार याज्ञवल्क्य शब्द फिरवणाऱ्याला चोराचा दंड सांगतो, पण अधिक चांगलं स्थळ आलं तर वाग्दत्त, म्हणजे शब्द देऊन झालेली मुलगीही परत घ्यायची मुभा देतो. (मुलीला तेव्हा कोण विचारत होतं म्हणा! १९२९च्या शारदा कायद्यानेही तिचं लग्नाचं किमान वय १४च ठेवलं होतं.) १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानुसारही, सप्तपदी असेल तिथे सातवं पाऊल पडल्यावरच लग्न पूर्ण होतं. म्हणजे मधला काळ पारखून घ्यायचा आहे, नाही पटलं तर मागे फिरायची वाट मोकळी आहे.

आज हीच वाट आपण पैसे मोजून बंद करतोय. घोडबंदर रोडच्या एका लॉनवर थाटात साखरपुडा झाला. ड्रोन, स्टेज, चारशे पानं. महिन्याभरात मुलाकडून निरोप आला, फ्लॅटच्या डाऊन पेमेंटला हातभार लावा. मुलीला ते मुळीच पटलं नव्हतं. आई माझ्याकडे येऊन रडली, “एवढी माणसं जेवून गेली, आता कोणत्या तोंडाने मोडू?” मी तिला सांगितलं, १९६१च्या हुंडाबंदी कायद्यात लग्नाआधीची मागणीसुद्धा गुन्हा आहे. तिला ते माहीत होतं. भीती कायद्याची नव्हती, भरलेल्या अॅडव्हान्सची आणि सोसायटीतल्या प्रश्नांची होती. शेवटी मुलगीच ठाम राहिली आणि मामाच्या हाती साडी-अंगठी परत गेली. आता नवीन स्थळं आली की पहिला प्रश्न, “आधीचं का मोडलं?” मुलाच्या घरी हे कोणी विचारत असेल का?

यजमान मुहूर्त विचारायला आले की मी आधी हेच बोलते. वाङ्निश्चय घरी करा, दोन्हीकडची मिळून पंचवीस-तीस माणसं पुरेत. लग्नाच्या हॉलचे पैसे दुसऱ्याच दिवशी भरू नका. दोघांना सहा महिने भेटू-बोलू द्या, घरखर्च, नोकरी, आईवडिलांची जबाबदारी, सगळं उघड बोलू द्या. आणि त्यातून कुणी ‘नाही’ म्हणालं, तर नातेवाइकांनी कृपा करून मुलीच्या आईला फोन करून कारणं विचारत बसू नये.

आपली नम्र,
एक पुरोहित, नौपाडा, ठाणे (प.)